सायकल सोडून एक दिवस: गुहागरच्या पुळणीवर, खाजणात आणि सड्यावर

भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरायचं आणि सागरी मार्गाने दक्षिणेकडे निघायचं. मुरुड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आंजर्ले, हर्णै असं करत, वाटेत आगरदांडा, बागमांडला आणि दाभोळ अशा तीन फेरीबोटी घेत, पहिल्यांदा जाणारा सायकलस्वार साधारण चौथ्या संध्याकाळी गुहागरला पोचतो. तोपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात. कोकणात एकच मोठा घाट नसतो, पण खाडी आली की उतार आणि खाडी ओलांडली की चढ, हे दिवसभर चालतं. जांभ्या दगडाचं पठार, म्हणजे सडा, खाड्यांनी ठिकठिकाणी चिरलेलं आहे आणि रस्ता त्या प्रत्येक चिरेत उतरून पुन्हा वर येतो. म्हणून माझं नवख्यांना सांगणं असतं, की पाचवा दिवस गुहागरला थांबण्यासाठी आधीच राखून ठेवा. पाय दुखल्यावर थांबू असं ठरवू नका, दुखायच्या आधीच थांबा.

थांबायचं म्हणजे खोलीवर लोळायचं, असंही नाही. चार दिवस सतत फिरलेले पाय एकदम स्थिर ठेवले तर सहाव्या दिवशी लाकडासारखे होतात. त्यांना हवं असतं हळू चालणं. आणि चार दिवस आपण ज्याच्या शेजारून ताशी पंधरा-वीसच्या वेगाने गेलो, ती रस्त्याकडेची झुडपं, खाडीकाठचा हिरवा पट्टा, ओसाड वाटणारं कातळ, ते पाहायला चालण्याचाच वेग लागतो. सरकारी कागदावर या जागेला पडीक म्हणतात. पण तिथे काय काय राहतं हे एकदा पाहिलं, की तो शब्द तोंडातून निघत नाही.

आदल्या संध्याकाळी: पंचांग बघा

विश्रांतीच्या दिवसाचं वेळापत्रक घड्याळावर बसवू नका, भरती-ओहोटीवर बसवा. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण कोकणातली जुनी रीत इतकी सोपी आहे की ती शिकूनच घ्या. तिथीला पाऊणपट करायचं. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. तिथून सहा तास मागे-पुढे मोजलं की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला खाडीचं पाणी पार खाली. अष्टमी असेल तर आठचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्यक्षात वेळ जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते. म्हणून ज्या घरी उतरला असाल तिथे किंवा होडी ओढणाऱ्या कोणाला तरी विचारून खात्री करून घ्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी.

पुढचा सगळा बेत चतुर्थी-पंचमीचा धरून लिहिला आहे. तुमची तिथी वेगळी असेल तर खाजणाची, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीची, वेळ तेवढी सरकवा.

त्याच संध्याकाळी आणखी दोन कामं. मळलेले कपडे धुऊन दोरीवर टाका, कारण समुद्राच्या हवेत जाडे कपडे एका दुपारीत वाळत नाहीत. आणि यजमानांना उद्या कुठे जाणार ते सांगा. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घरच्या काकूंनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. म्हणाल्या, "सड्यावर जायचं तर ह्या सपाता नकोत हो. बूट आहेत ना? मग ते घाला. फुरशी असतात." फुरसं म्हणजे सड्यावरचा विषारी साप. बुटांचा हा सल्ला मी तेव्हापासून प्रत्येकाला देत आलो आहे.

पहाटे सहा ते आठ: पुळण

गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, लांबलचक आणि जवळजवळ सरळ आहे. पश्चिमेला तोंड असल्यामुळे सूर्य मागून, झाडांच्या आडून उगवतो आणि सकाळी बराच वेळ वाळूवर सावली असते. अनवाणी चाला, पण ओल्या वाळूवरून. कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्यांना जास्त ताण पडतो, आणि आज तो नको आहे.

नोव्हेंबर ते मार्च या काळात गेलात तर पाण्यापासून वर गेलेली एक विचित्र वाट शोधा. मधे पोट घासत गेल्याचा पट्टा आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने पडलेले वल्ह्यासारखे ठसे, जणू लहान ट्रॅक्टरचं चाक फिरलं आहे. ती रात्री अंडी घालून गेलेल्या ऑलिव्ह रिडले कासवाची वाट. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी असतात. वन विभागाची माणसं आणि गावातले कासवमित्र पहाटेच फिरून ती उचलतात आणि कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरतात, नाहीतर कुत्री-कोल्ही उकरून खातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. रत्नागिरी जिल्ह्यात हे काम २००२ साली वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं आणि मग किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी ते उचललं.

वाट दिसली तर तिच्यावरून चालू नका. कासवमित्रांना ती मोजायची असते. पिल्लं सोडताना हजर राहायला मिळालं तर बॅटरी, फ्लॅश बंद ठेवा आणि त्यांच्या व पाण्याच्या मधे उभे राहू नका. आपण सायकलवर पाचशे किलोमीटर निघालो की मोठा प्रवास वाटतो. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५च्या जानेवारीत याच पुळणीवर अंडी घालायला आली. सगळा भारत वळसा घालून.

पोहायचा मोह झाला तर गावकऱ्यांना विचारल्याशिवाय गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. थकलेल्या पायांत ऐन वेळी गोळे येतात.

पुळणीच्या मागची झाडी

वाळू संपते तिथे जमिनीलगत पसरलेली एक वेल दिसेल, जांभळी फुलं आणि आपट्यासारखी दुभागलेली पानं. ती मर्यादवेल. समुद्राने इथपर्यंत यावं, पुढे नाही, ही मर्यादा ती दाखवते आणि आपल्या मुळांनी वाळू धरून काही अंशी ती राखतेही. तिच्या मागे सुरूचं बन. सुरू इथला नाही. आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचं ते झाड इथे वारा आणि वाळू अडवायला लावलं गेलं. सावली छान पडते, पण खाली सुयांसारख्या काडक्यांचा जाड थर साचतो आणि त्यातून दुसरं फारसं काही उगवत नाही. बनात दहा मिनिटं शांत उभं राहिलात तर वाऱ्याचा आवाज ऐकू येईल, पक्ष्यांचा फारसा येणार नाही.

म्हणून बनाच्या कडेकडेने जा, जिथे जुनी झाडी अजून शिल्लक आहे. उंडीचं चकचकीत पानांचं झाड, जिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला आणि होडीला वापरायचे. केवड्याची जाळी, तिच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, त्यामुळे लांबूनच वास घ्या. आणि सागरगोट्याचं झुडूप. परसात खेळायच्या राखाडी, गुळगुळीत सागरगोट्या ज्या शेंगेत असतात ती शेंग नखशिखांत काट्यांनी भरलेली असते, आणि फांदीवरचे काटे मागे वळलेले. अडकलात तर ओढू नका, मागे या, म्हणजे सुटाल.

इथे एक ताकीद. कुंपणांवरून, झुडपांवरून लोंबणाऱ्या तपकिरी मखमली शेंगा दिसल्या की दूर राहा. ती खाजकुयली. हिवाळ्यात शेंगा वाळतात आणि नुसत्या वाऱ्यानेही त्यांची लव उडते. माझ्या एका मित्राने शेंग सुंदर दिसते म्हणून हातात घेतली आणि त्याच हाताने मान पुसली. पुढचे तीन तास त्याचे फार हालात गेले. असं झालं तर चोळू नका, खाजवू नका. पंक्चरच्या पिशवीतली चिकटपट्टी घ्या, कातडीवर हलकी दाबून ओढा, लव तिला चिकटून येते. मग थंड पाण्याने धुवा.

साडेआठ ते साडेदहा: खाजण

नाश्त्याला घरी परत या. तांदळाची उकड किंवा घावणे मिळाले तर भरपूर खा. चार दिवसांची तूट भरायची आहे. मग ओहोटीची वेळ साधून जवळच्या खाडीकाठी जा.

नवख्याने खाजणात चिखलात उतरायचं नाही. भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध असतात, त्यांवरूनच चालायचं. चिखल गुडघ्यापर्यंत ओढतो आणि त्यात कालवांचे शिंपले असतात, ब्लेडसारखे. खाजणातली जखम लवकर पिकते आणि तळपायाला झाली तर पेडल मारणं संपलं.

बांधावर बसा आणि मुळं बघा. कांदळवनातली झाडं पानांपेक्षा मुळांवरून पटकन ओळखू येतात. खोडातून कमानीसारख्या टेकणकाठ्या फुटून चिखलात रोवलेल्या दिसल्या तर ते कांदळ. जमिनीतून शेकडो पेन्सिली उभ्या केल्यासारख्या दिसल्या तर तिवर. त्याच पेन्सिली जाडजूड, शंकूसारख्या असतील तर चिपी. पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं आहे. चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळं श्वास घ्यायला वर येतात. त्यामुळे ओहोटीला त्यांवर पाय देणं म्हणजे झाडाच्या नाकावर पाय देणं.

तिवराचं पान उन्हात धरून बघा. त्यावर बारीक चकाकी असते, ते मीठ. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. बोट फिरवून चाखा, पण ओळख पक्की असेल तरच. कारण त्याच काठावर हुरा नावाचं झाडही असतं, ज्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो आणि अंगावर पडला तर फोड येतात. फांदी किंवा पान तोडू नका, हा नियम पाळलात तर काही भीती नाही.

पंधरा मिनिटं न हलता बसलं की चिखल जिवंत होतो. आधी एक भोक, मग त्यातून एक मोठी नांगी बाहेर. नर खेकडा ती नांगी वर-खाली हलवतो, कोणाला तरी हाक मारल्यासारखी, आणि शेजारच्या भोकावरचा दुसरा त्याला तसंच उत्तर देतो. मधूनच निवटी उड्या मारत जाते. मासा असून पाण्याबाहेर, डोळे डोक्याच्या वर, चिखलातून फरफटत आणि मधेच टुणकन. तुमची सावली हलली की सगळं क्षणात भोकात गडप. पुन्हा थांबा. बांधाजवळच्या काठीवर खंड्या येतो, ढोकरी पाण्याच्या कडेला खिळल्यासारखी उभी असते. वर पांढऱ्या पोटाचा मोठा पक्षी घिरट्या घालताना दिसला तर तो समुद्री गरुड, इकडे त्याला काकण म्हणतात. किनाऱ्यालगतच्या उंच जुन्या झाडांवर तो वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतो, म्हणून असं एक झाड तुटलं की त्याचं घर पिढ्यांचं जातं.

दुपार

जेवा, झोपा. कोकम सरबत मीठ घालून प्या. पाय भिंतीला लावून वीस मिनिटं पडा. याहून जास्त सांगण्यासारखं नाही, फक्त "एवढ्यात हेदवीला जाऊन येऊ" असं मनात आलं तर जाऊ नका. मी पहिल्या सफरीत गेलो होतो. वाटेवरचे चढ रिकाम्या सायकलनेही चढच असतात, आणि दुसऱ्या दिवशी तवसाळच्या फेरीबोटीपर्यंत डावा गुडघा धरून मी सायकल ढकलत नेली. हेदवी पुढच्या मार्गावरच आहे, उद्या दिसेल. अंजनवेलचा गोपाळगड पाहायचा असेल तर दाभोळच्या फेरीबोटीतून धोपाव्याला उतरल्यावर, गुहागरला येता येताच पाहून घ्यावा.

साडेचार ते सूर्यास्त: सडा

ऊन कलल्यावर सड्याची पायवाट धरा. चार-पाच किलोमीटरांपेक्षा जास्त नको. घोटा झाकणारे बूट, जाड मोजे, लांब पँट, दोन लिटर पाणी, बॅटरी. काठी हवीच. चालताना ती पुढे आपटत गेलं की साप बाजूला होतात.

हिवाळ्यात सडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला काळा-तांबडा कातळ आणि वाळलेलं गवत एवढंच दिसतं. जरा खाली वाका. कातळाच्या भेगेत करवंदीची जाळी आहे, फेब्रुवारीत तिला पांढरी सुगंधी फुलं येतात आणि मेमध्ये काळी मैना. धायटीच्या फांद्यांना विस्तवासारखी लाल फुलं लगडलेली असतात. वाऱ्यापुढे वाकलेली जांभळं, कमरेएवढी अंजनी, मधे एखादा निवडुंग. समुद्राचा खारा वारा सतत कोंब जाळतो, म्हणून इथे झाड उंच होत नाही, आडवं पसरतं. आणि हाच कातळ ऑगस्ट-सप्टेंबरात पाहिलात तर ओळखणार नाही. पाणी साचलेल्या उथळ जागी सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर असते. जांभ्यावरच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून ही इवली वनस्पती मुळांपाशी बारीक फुगे धरून त्यांत किडे पकडते. रत्नागिरी-राजापूरकडे गेलात तर अशाच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या आत इतर प्राणी कोरले आहेत. कोणीतरी फार पूर्वी या ओसाड जागेवर बराच वेळ काढला होता.

आता फुरशाबद्दल. हात-दीड हात लांबीचा, मातीच्या रंगाचा साप, दिवसा दगडाखाली किंवा गवताच्या बुडाशी असतो. डिवचला तर वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतो, तव्यावर पाणी टाकल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की जागीच थांबा, कुठून येतो ते बघा आणि मागे सरका. दगड उलटू नका. बागांच्या भोवतीच्या जांभ्याच्या गडग्यांवर हात टेकवून चढू नका, त्यांच्या फटी म्हणजे साप-विंचवांची घरं. चिरेखाणीच्या खड्ड्यात उतरू नका. अंधार पडायच्या आत पायवाट सोडून डांबरी रस्त्यावर या, कारण फुरसं रात्री बाहेर पडतं.

तरीही चावलंच, तर घाबरून धावू नका. अंगठी, घड्याळ, बूट काढा, चावलेला अवयव काठीला बांधून हलणार नाही असा ठेवा आणि १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालयात जा. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नाही. लाल विंचू चावला आणि दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर तेही रुग्णालयाचंच काम. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीने अशा रुग्णांचे जीव वाचतात हे दाखवून दिलं. पण ती डॉक्टरांनी द्यायची आहे, पिशवीत ठेवून स्वतः घ्यायची नाही.

सड्यावरच्या बागा कोणाच्या तरी मालकीच्या असतात. बेडं, म्हणजे बागेचं फाटक, उघडलंत तर मागे लावून घ्या, नाहीतर गुरं शिरतात. मोहोराच्या दिवसांत फवारणी चालू असेल तर त्या बाजूला जाऊ नका. काजूच्या फांदीला पानं एकत्र शिवल्यासारखा गोळा दिसला तर तो ओंबिलांचा, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांचा, धक्का लावू नका. आणि विस्तव अजिबात नको. चहाची चूलही नको, विडीचं थोटूकही नको. फेब्रुवारीनंतर एक ठिणगी पडली की वणवा बागेत शिरतो आणि दहा-पंधरा वर्षं वाढवलेली कलमं तासाभरात जातात.

रात्री: पडवीत

परत आल्यावर आधी घोटे, गुडघ्यामागची बाजू आणि कंबर गोचिडांसाठी तपासा. मग सायकल. चार दिवसांचं मीठ आणि वाळू चेनवर बसलेली असते. ती कोरड्या फडक्याने पुसा, मग एकेका कडीवर एकेक थेंब तेल, आणि जास्तीचं पुन्हा पुसून टाका. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, मीठ बेअरिंगमध्ये जातं. ब्रेकचे पॅड बघा, कारण उद्या उतार आहेत. टायरवरून अंगठा सावकाश फिरवा आणि रुतलेले काटे आजच काढा, ते उद्या दहाव्या किलोमीटरवर ट्यूबपर्यंत पोचतात.

शेवटी मोजे. सड्याच्या गवताची कुसळं त्यांत शेकड्याने रुतलेली असतात आणि धुऊन निघत नाहीत, एकेक चिमटीत धरून काढावी लागतात. कुसळाला पुढे टोक आणि मागे पिळदार शेपूट असते. शेपूट ओली झाली की उलगडते, वाळली की पुन्हा पिळते, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं रोवतं. ओल्या मोज्यातही ते हेच करतं, म्हणून मोजे भिजवायच्या आधी हे काम उरका. काकू जेवायला हाक मारेपर्यंत एक मोजा होतो. दुसरा जेवणानंतर.